कोरी सरी

माझी माय जयवंता दुसरी शिकली. बार्शीटाकळीच्या आमच्या दोन एकरांत ती झेंडू, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि वांगी पिकवते आणि पहाटेच्या गाडीनं अकोल्याच्या बाजारात नेऊन विकते. बोलायला फटकळ. तिच्या वांग्याला कुणी नाव ठेवलं तर "मंग घेऊ नको नं बाप्पा, कोनी हात जोडले तुले?" म्हणून मोकळी होते. पण झाडांशी बोलताना आवाज असा खाली येतो, की जवळ उभ्या माणसालाही ऐकू येऊ नये.

मी अमरावतीला पीएचडी करत होते. विषय पऱ्हाटीचा. कापूस वेचून झाला की उरते ती वाळकी काठी, जी आमच्याकडे चुलीत जाते. तिच्या लाकडात साखरेच्या लांब साखळ्या असतात. त्या कॉस्टिक सोड्यानं सोडवायच्या, त्यांचा गुण रसायनानं बदलायचा आणि लिंबाच्या सतानं एकमेकींत गुंतवायच्या. वाळवली की भुकटी होते. पाण्यात टाकली की फुगते आणि ते पाणी धरून ठेवते. मायनं चिमूटभर भुकटी वाटीत फुगताना पाहिली आणि म्हणाली, "हा तं साबुदानाच झाला. ज्या पऱ्हाटीवर जलमभर भाकरी भाजल्या, ते पानी धरते म्हंता?"

धरते हे वावरात दाखवायचं होतं. बांधाकडच्या मुरमाड तुकड्यात झेंडूच्या दोन सऱ्या लावल्या, चाळीस-चाळीस रोपांच्या. एकीच्या मातीत भुकटी, दुसरी कोरी. एप्रिलमध्ये बारा दिवस दोन्ही सऱ्यांना पाणी बंद.

तेराव्या दिवशी पाहते तर दोन्ही सऱ्या सारख्याच ताठ! चार वर्षांची मेहनत मातीत गेली असं वाटून मी बांधावरच बसले. मग कोऱ्या सरीची माती उकरली. ओली होती. प्रत्येक रोपाभोवती बोटांनी केलेलं नीट आळं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काहून केलं माय असं?"

"माह्या देखत कोनी तहानलेलं राह्यते का?" ती उलट माझ्यावरच उखडली. "त्या सरीले तुही भुकटी हाय. या बिचारीले कोन हाय?"

माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात जमलं नाही तर विषय बंद. मी दोन महिने मायशी धड बोलले नाही. आज लाज वाटते, पण नाही बोलले.

पुढच्या एप्रिलात मी तिला बारा दिवसांसाठी मूर्तिजापूरला मामाकडं जा म्हटलं. ती ऐकेना. "बकऱ्या शिरतीन. मी राखीन. पानी नाही देनार, शबूद देल्ला तुले." मायचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी अमरावतीला परत आले.

तेराव्या दिवशी सकाळी मोजलं. भुकटीच्या सरीत एकतीस रोपं उभी. कोऱ्या सरीत चाळीसच्या चाळीस माना टाकलेली. मी फोटो काढले, सरांना फोन केला, वावरात अक्षरशः नाचले. माय बांधावर बसून होती. ओठ फुटलेले, चेहरा काळवंडलेला. उन्हानं असेल, मला वाटलं.

शेजारच्या वावरातल्या पार्बताबाई जवळ आल्या. "नाचून राहिली पोरी, पन मायकडे पाह्यलं का? बारा दिवस झाले, वावरात पान्याचा घोट नाही घेतला तिनं. त्या सरीपाशी बसून राहे दिवसभर. घरी गेल्यावरच पे."

बेचाळीस डिग्रीचं ऊन. मी मायवर ओरडले, "मरायचं होतं का तुले?"

"तिले कोनी पानी देऊ नये म्हनून मीच बसली होती राखत," माय म्हणाली. "मंग तिच्या समोर कशी पिऊ वं?"



तिनं लिंबाखालची घागर उचलली. "झालं तुह्यं मोजनं? आता देऊ का?"

मी मान हलवली. तिनं चाळीसही रोपांना तांब्यातांब्यानं पाणी घातलं आणि मग त्याच तांब्यानं स्वतः प्याली. चाळीसांतली तीन पुढं जगली. प्रबंधात ती नाहीत. तिथं 'कोरी सरी : उभी रोपं शून्य' एवढंच आहे. मोजलं तेव्हा तेच खरं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच तक्ता उघडला. म्हणाले, "वावर उघडं, तुम्ही अमरावतीत. कोऱ्या सरीला त्या बारा दिवसांत कुणी पाणी दिलं नाही, याची खात्री काय?"

आदल्या वर्षीची ती बोटांची आळी मला आठवली. आणि फुटलेले ओठ.

"सर, माझी माय तिथं राखणीला होती," मी म्हटलं. "तिनं स्वतःसुद्धा नाही पिलं."

आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.