सेट मोडत नाही

एकोणीसशे साठच्या दशकातल्या अमेरिकेशी माझं काहीही वैर नव्हतं. मी जन्माला यायच्या आत ते दशक संपलं होतं, आणि कुडाळजवळच्या ज्या गावात मी वाढलो तिथे आम्हाला मालवणसुद्धा परदेश वाटायचं. तरीही त्या अमेरिकेने माझ्या घरात घुसून मला माझ्याच बायको-मुलीसमोर आरोपी केलं. सौदा मी उत्तम केला होता! हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. घरात ऐकायला कोणी तयार नाही, म्हणून लिहितोय.

माझी थोडी ओळख करून देतो, म्हणजे अन्याय केवढा झाला ते कळेल. मस्कतला आलो तेव्हा एसी दुरुस्त करणाऱ्याची शिडी धरायची एवढंच माझं काम होतं. आज मस्कतच्याच अल हैल भागात माझं स्वतःचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे, दोन व्हॅन आहेत, आणि अल मवालेहच्या बाजारात मी शिरलो की कलिंगडवाले एकमेकांना खुणा करतात. (आदराने. वैशाली म्हणते, धास्तीने.) सांगितलेल्या भावात मी आजवर काहीही घेतलेलं नाही. लग्नाचा मंगलाष्टकवालासुद्धा मी दोन कडवी कमी करून स्वस्तात बसवला होता.

तर एका शुक्रवारी आमच्या मराठी मंडळींनी जुन्या वस्तूंचा बाजार भरवायचं ठरवलं. घरातलं नको असलेलं सामान आणायचं, टेबल मांडायचं, विकायचं. माझ्या बायकोने, म्हणजे वैशालीने, स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "अहो, पलंगाखालचा मिक्सरचा खोका न्या! विकायचं सगळं त्यात भरलंय!"

आता आखातातल्या मराठी घरात कुठल्याही वस्तूचा खोका टाकत नाहीत. का? तर परत जाताना लागेल! आम्ही कित्येक वर्षं परत जातोय. त्यामुळे आमच्या पलंगाखाली मिक्सरचे दोन खोके होते. मिक्सर एकच.

मी हाताला लागला तो उचलला.

बाजारात टेबलावर उघडला तर आत काय? चार जाडजूड इंग्रजी पुस्तकं. पानं पिवळी पडलेली, कोपरे झिजलेले. म्हटलं बरोबर आहे, जुना माल. पण माल माहीत असल्याशिवाय भाव बोलू नये, हा माझा नियम. मी पहिलं पुस्तक उघडलं. माझं इंग्रजी कंप्रेसरच्या माहितीपुस्तकावर पोसलेलं, त्यामुळे ओठ हलवत, बोट फिरवत वाचावं लागतं. गोष्ट होती एडना नावाच्या तेरा वर्षांच्या काळ्या मुलीची. अमेरिकेच्या दक्षिणेतलं छोटं शहर, बापाचं केस कापायचं दुकान, आई लोकांचे कपडे इस्त्री करते, थोरला भाऊ रॉय. आणि शहरात एक मोठं दुकान. तिथे एडना पेन्सिल विकत घेऊ शकते, वही घेऊ शकते. पण दुकानातच खाण्याचा काउंटर आहे, तिथल्या स्टुलावर बसून तिला सरबत मिळत नाही. काळ्यांनी तिथे बसायचं नाही!

मी टेबलावर मूठ आपटली. अरे, गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे आणि बूड टेकायला स्टूल द्यायचं नाही? हा कुठला धंदा?

"काय झालं हो सावंत?" समोर लिमये वहिनी उभ्या होत्या. मदिनत सुलतान काबूसला राहतात, मूळच्या पुण्याच्या, आणि मस्कतमध्ये माझ्या तोडीचा भाव करणारी एकच व्यक्ती असेल तर ती ह्या. "मघापासून तीन जणांनी तुम्हाला विचारलं, हे टेबल कोणाचं. तुम्ही मान वर करायला तयार नाही!"

मी भानावर आलो. समोर गिऱ्हाईक! पुढचं सगळं आपोआप झालं.

"वहिनी, ही नुसती पुस्तकं नाहीत," मी म्हणालो. "शाळेच्या इतिहासात सनावळी असते, इथे माणसं आहेत. ह्या मुलीच्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही अख्खी अमेरिका पेटताना बघता! इस्त्रीचा वास येतो हो पानांना. तुमच्या मुलाने वाचली ना, तर मोबाइल विसरेल. मीच विसरलो, बघा, चार कॉल सुटले!"

"माझ्या मुलाला एकच द्या. पहिला भाग. आवडला तर बघू."

"सेट मोडत नाही," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "चार भाग म्हणजे एका माणसाचे चार अवयव. मी खाटीक नाही."

वहिनींनी अर्धा भाव सांगितला. मी पुस्तकं खोक्यात भरायला लागलो. वहिनी निघून गेल्या. मी हाक मारली नाही. वहिनी वळल्या. मी बघितलं नाही. शेवटी त्या परत आल्या, मी "खलास!" म्हटलं, आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा सौदा पार पडला. घरी जाताना मी व्हॅनमध्ये गाणं म्हणत होतो.

घरी माझी मुलगी सानिका पलंगाखाली अर्धी आत, अर्धी बाहेर होती.

"बाबा, माझी बुक्स?"

"कुठली?"

"मिक्सरच्या बॉक्समधली. एडनाची. माझी फोर्थ पार्टची शेवटची सिक्स्टी पेजेस राहिलीत!"

मी वैशालीकडे बघितलं. वैशालीने दुसऱ्या खोक्याकडे बघितलं. त्यातून टोस्टर, रोलर स्केट्स आणि आम्हाला कोणीतरी दिलेला काचेचा राजहंस आमच्याकडे बघत होता.

"विकली," मी म्हणालो. आणि वातावरण हलकं करावं म्हणून पुढे म्हणालो, "पण भाव विचार ना, काय मिळाला!"

कोणी विचारला नाही. सानिका रडली नाही, ओरडली नाही. ती शांतपणे जेवली. आमच्या घरात शांतता म्हणजे एसी बंद पडल्यासारखं असतं, मला घाम फुटतो. वैशालीने मग हळूच सांगितलं: पुस्तकं सानिकाच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने दिली होती. तिचं कुटुंब कायमचं परत गेलं तेव्हा. शेवटचा भाग दोघींनी एकाच आठवड्यात संपवायचा आणि मग फोनवर बोलायचं असं ठरलं होतं. रविवारी.

"मग नवी मागवू! इंटरनेट कशासाठी आहे?"

"बघितलं तिने. छपाई कधीच बंद झालीय. कुठेच नाही."

शनिवारी सकाळी सानिकाला घेऊन मी निघालो. वाटेत अल मवालेहला थांबून आंब्यांची पेटी घेतली. (सांगितलेल्या भावात. किती हादरलो होतो बघा! कलिंगडवाल्यांनी तब्येतीची चौकशी केली.) गाडीत मी विचारलं, "एवढं काय आहे गं त्यात?"

आणि एरवी मराठीत "हो", "नको" आणि "भूक लागली" एवढंच बोलणारी माझी मुलगी अडखळत, शब्द शोधत बोलत सुटली. "बाबा, ते कॉलेजचे स्टुडन्ट्स काउंटरवर जाऊन बसतात. नुसते बसतात. लोक त्यांच्या अंगावर केचप ओततात, पण ते मारत नाहीत, शिवी नाही देत. होमवर्क करतात तिथेच! एडनाचा भाऊ पण बसतो. रॉय. आणि मग त्याला लेटर येतं, व्हिएतनामला वॉरसाठी जायचं. म्हणजे, ज्या कंट्रीत त्याला बसायला देत नाहीत, त्या कंट्रीसाठी लढायला! त्याची मम्मी ते लेटर इस्त्री करते, बाबा. ते चुरगळलेलं असतं म्हणून."

मी गाडी चालवत होतो म्हणून, नाहीतर डोळे पुसले असते. मी मस्कतला आलो तेव्हा माझी पत्रं आई उशीखाली ठेवून सपाट करायची.

"मग? येतो का परत रॉय?"

"तेच तर शेवटच्या सिक्स्टी पेजेसमध्ये आहे!"

आता मलाही ते पुस्तक हवं होतं. आणि ज्याला वस्तू हवी असते त्याने सौद्याला बसू नये, हे मला कोणी सांगायला नको होतं.

लिमये वहिनींनी दार उघडलं. दिवाणखान्यात टीपॉयवर चारही भाग रचलेले. पहिला उघडा, पालथा.

मी ठरवून आलो होतो, आधी मालाचा भाव पाडायचा. "वहिनी, त्या पुस्तकांचं जरा... म्हणजे तशी साधीच आहेत हो. जुनाट. मुलाला कंटाळा येईल."

"मुलगा कुठला! कालपासून मीच वाचतेय," वहिनी म्हणाल्या. "आज पोळ्या बाहेरून आणल्या. आणि काल तर तुम्हीच म्हणालात, पानांना इस्त्रीचा वास येतो."

"तो ओलीचा असेल."

"येतो हो खरंच! तुम्ही अगदी बरोबर बोललात."

माझ्या जिभेने मला असं कधी बुडवलं नव्हतं. मी खरं काय ते सांगितलं. खोके, मैत्रीण, रविवार. वर आंबे ठेवले. "पैसे परत घ्या, वर काय हवं ते घ्या."

"अहो सावंत, मी आत्ता कुठे दीडशे पानांवर आलेय. सोडवत नाही."

"मग फक्त चौथा द्या!"

वहिनींनी छातीवर हात ठेवला. "सेट मोडत नाही."

"वहिनी!"

"एका माणसाचे चार अवयव. मी काय खाटीक आहे? एकदा पुस्तक घराबाहेर गेलं की परत येत नाही, आमच्या कपाटाला विचारा. नाही म्हणजे नाही."

माझं डोकं फिरलं. मी पुण्याचा उद्धार केला. वहिनींनी कोकणाचा केला. मी आंबे उचलले, परत ठेवले, परत उचलले. "पोरीच्या जिवाशी खेळता?" "विकली कोणी? मी घरात शिरून चोरली का?" "अर्ध्या भावात मागत होतात!" "आणि दिली नाहीत ना अर्ध्यात? मग आता भोगा!" शेजारचं दार उघडून बंद झालं.

या सगळ्यात सानिका आमच्या मधून गेली, सोफ्यावर बसली, टीपॉयवरचा चौथा भाग घेतला, तिची खूण होती ते पान काढलं आणि वाचायला लागली.

"अगं!" वहिनी म्हणाल्या. "ऊठ बघू. पुस्तक ठेव."

"मी घेऊन नाही जाणार, काकू," सानिका अगदी नम्रपणे म्हणाली. "मी फक्त बसणारे."

"असं नाही चालत, बाळ. ऊठ."

"नो, थँक यू, काकू."

वहिनी पुढे झाल्या. सानिकाच्या दंडाला धरायला हात उचलला आणि तो हवेतच राहिला. पहिल्या भागातलं ते काउंटरचं प्रकरण त्यांनी सकाळीच संपवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्या माझ्याकडे वळल्या.

"सावंत," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "हिला मी उठवलं तर मी कोण झाले?"

"त्या दुकानाचा मॅनेजर," मी म्हणालो.

"तो तर मेला मला बघवत नाही!"

एवढी वर्षं मी टेबलं आपटली, उठून चालता झालो, देवाच्या शपथा घेतल्या. समोरच्याला असं चारी मुंड्या चीत झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि ही पोर नुसती बसली होती! ज्या कोणी ती पुस्तकं लिहिली असतील त्याला किंवा तिला मी मनातल्या मनात सलाम ठोकला. मुलांच्या पुस्तकात हे लिहून ठेवायचं, म्हणजे सात समुद्रांपलीकडे, इतक्या वर्षांनी, एका मुलीला उपयोगी पडावं! माझ्या शाळेत हा इतिहास शिकवला असता तर मी नापास झालो नसतो.

वहिनी आत गेल्या आणि कोकम सरबताचा ग्लास आणून सानिकाच्या पुढ्यात ठेवला. "आमच्याकडे बसलेल्या माणसाला विचारतात," त्या जरा घुश्शातच म्हणाल्या, आणि पहिला भाग घेऊन तिच्या शेजारी बसल्या. मी दुसऱ्या बाजूला बसून सानिकाच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न केला.

"थांब, थांब, पान उलटू नको!"

"बाबा, यू आर सो स्लो!"

वैशालीचा फोन आला. "काय झालं? दिलं का पुस्तक?"

"नाही. आम्ही ठिय्या मांडलाय."

"काय मांडलंय?"

"शूऽऽ!" दोघींकडून एकदम आलं. मी फोन ठेवला.

शेवटचं पान वाचून सानिकाने पुस्तक मिटलं. डोळे भरलेले, आणि हसत होती. त्यावरून काय समजायचं? "रॉय आला का?" मी आणि वहिनी एकदम ओरडलो.

"स्पॉइलर नाही देणार," ती म्हणाली. रविवारी ती आणि तिची मैत्रीण दोन तास फोनवर बोलल्या. बंद दाराआड. मी दाराला कान लावला होता. वैशालीने मला तिथून ओढून नेलं.

राहता राहिलो मी. पुस्तकं घराबाहेर जाणार नाहीत, ही वहिनींची अट कायम. "बसून वाचायचं तर या," त्या म्हणाल्या. पण माझ्यासारख्या धंदेवाईक माणसाने लोकांच्या सोफ्यावर गोष्टीची पुस्तकं वाचत बसायचं? चार लोक काय म्हणतील? म्हणून मी दर शुक्रवारी हत्यारांची पेटी घेऊन एसी सर्व्हिसिंगला जातो. फुकट. फिल्टर धुतो, गॅस बघतो, कॉइल चकाकेपर्यंत पुसतो, आणि मग एक प्रकरण वाचतो. महिने झाले, मी अजून दुसऱ्या भागात आहे. रॉयला नुकतं पत्र आलंय.

परवा वहिनी शाल पांघरून, नाक पुसत दारात आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "सावंत, जरा भरभर वाचा हो. घरात सगळ्यांना सर्दी झालीय!"