तीस मुलींची एक जोडणी

एका इंटरनेट जोडणीवर तीस मुली शिकतात, तरी कंपनीच्या लेखी तो एकच ग्राहक. शेजारच्या फार्महाऊसवर शनिवारी दोन माणसे येतात, तोही एक ग्राहक. मग गर्दीच्या वेळी ‘सर्वांना न्याय’ म्हणून वेग घटवायचा तो मुलींचाच का? आदरणीय सुमनताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले, तर आधी हाच प्रश्न समोर आला.

ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि पोशीरला स्वतःच्या ओसरीवर त्यांनी मुलींसाठी ही अभ्यासिका उघडली. आमच्या घरातून तोवर कोणी कॉलेजला गेले नव्हते. मी दारातच घुटमळले. ताई म्हणाल्या, “लाज चपलांजवळ ठेव गं, आणि आत ये.”

संगणकावर सर्वांत लांबून आलेलीने आधी बसायचे, हा त्यांचा नियम. एकदा मी कुरकुरले, “ताई, नंबर माझा होता.”

“तुझं घर हाकेवर. मंगलला उजेडात डोंगर चढायचाय.”

मंगल ठाकरवाडीची. आठवडाभर मजुरी करते आणि शनिवारी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे धडे पाहते. नेमक्या शनिवारीच फार्महाऊस भरतात, लाईन तुंबते आणि तिचा धडा मध्येच थांबतो. परीक्षा तर तोंडावर आली आहे.

ताई मला घेऊन इंटरनेट कंपनीच्या खालापूरच्या कार्यालयात गेल्या.

“मॅडम, प्लान अनलिमिटेडच हाय,” तिथले गृहस्थ म्हणाले. “गर्दीत जास्त वापरणाऱ्यांचा फक्त स्पीड कमी होतो.”

“म्हणजे कालव्याला पाणी आहे, फक्त शेतात पोचत नाही. असंच ना?”

ते हसले. “पोरी रील बघत असतील हो!”

ताईंचा आवाज चढलेला मी तेव्हा प्रथमच ऐकला. “बघू देत! फार्महाऊसवाल्यांना विचारता का कधी, ते काय बघतात?”

पुढे काहीही बदलले नाही. लाईन मोकळी असते म्हणून आता ताईच पहाटे उठतात आणि मंगलचे धडे संगणकावर उतरवून ठेवतात. लोक याचे कौतुक करतात. मला मात्र संताप येतो. पंचाहत्तराव्या वर्षी ही झोपमोड त्यांच्या वाट्याला का यावी?

ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यातल्या पहाटा तरी त्यांच्या स्वतःच्या असोत.

या गौरव अंकाचे संपादन समितीने माझ्यावर सोपवले आहे. शेवटच्या पानासाठी त्याच कंपनीची जाहिरात आली होती, ताईंच्या छायाचित्रासह, शुभेच्छुक म्हणून. समितीला न विचारता मी ती परत पाठवली आहे.