मास्तरांचा दिनू

मास्तर जळायचे, आणि ते कधी लपवायचे नाहीत. टोकियोजवळच्या इचिकावातल्या त्यांच्या घरी दर शनिवारी आमच्या हिगाशी-कसाईतली मराठी मुलं चित्रकला शिकायला जात. मुलीला पहिल्यांदा सोडायला गेलो, तेव्हा भिंतीवरची धुक्यातली नदी पाहून मी एका नामांकित चित्रकाराचं नाव घेतलं. म्हटलं, "त्यांचंच ना हे?"

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझं आहे. तो दिनू माझा वर्गमित्र. त्याचं नाव झालं, माझं वय झालं."

मुंबईत दोघं एकत्र शिकले. दिनूचं बघून मास्तर धुकं रंगवू लागले. पुढे केइकोसानशी लग्न करून ते इथं स्थायिक झाले. चित्रातली नदी जपानची झाली, धुकं मात्र दिनूचंच राहिलं. दिनूला पुरस्कार मिळाला की मास्तरांना जेवण जात नसे. पण ती बातमी आम्हाला सगळ्यांच्या आधी तेच पाठवत. खाली शेरा असे, "पार्श्वभूमी कच्ची आहे."

एकदा उएनोच्या एका संग्रहालयात व्हिक्टोरियन काळातली इंग्रजी चित्रं आली होती. सगळी गर्दी एका बड्या चित्रकाराच्या भल्यामोठ्या चित्रापुढे. मास्तर थांबले ते शेजारच्या छोट्या निसर्गचित्रापाशी. केइकोसाननी पाटी वाचून त्यांच्या सावकाश मराठीत सांगितलं, "हा त्या मोठ्या चित्रकारांचा मित्र. त्यांच्या प्रभावाखाली काढलं, असं लिहिलंय."

"मेला तरी बिचाऱ्याची सुटका नाही!" मास्तर पुटपुटले. मग वाकून निरखत राहिले. "पण ढग बघ याचे. त्या मोठ्याला जमले नसते."

त्याच हिवाळ्यात दिनू गेल्याचं कळलं. मी भेटायला गेलो, तर मास्तर रंगांना हात न लावता नुसते बसलेले.

"जन्मभर जळलो रे त्याच्यावर," ते म्हणाले. "दर चित्राला वाटायचं, हे बघून एकदा तरी त्याची झोप उडावी. आता दाखवू कुणाला?"

क्लास बरेच महिने बंद राहिला. मग एक दिवस त्यांनीच मला बोलावलं. नवं चित्र होतं. समोरच्या इमारतीच्या कठड्यांवर वाळत घातलेल्या गाद्या, त्यांच्यावर लख्ख ऊन. असं काही दिनूनं कधीच काढलं नसतं.

"मास्तर, हे तुमचं! फक्त तुमचं!" मी जवळजवळ ओरडलोच.



"हो ना," ते म्हणाले. "म्हणूनच इतकं पोरकं दिसतंय."