गॅस नाल्यापर्यंतच आला

कंपनीनं आमच्या बौद्धपुऱ्याला फसवलं. आणि त्या फसवणुकीचं शेवटचं बूच माझ्या हातानं बसलं.

उद्घाटनाच्या दिवशी सरपंचाच्या स्वयंपाकघरात नवी शेगडी पेटायची होती. उन्हाच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि पाइपनं घरोघरी पोचवायचा. धूर नाही, काजळी नाही. मला वाढवणारी मोठी माय ठेवणीतलं लुगडं नेसून चहाचं पितळी गंज घेऊन आली. पहिला चहा तिच्या हातचा, असं कंपनीच्या साहेबानंच पुऱ्यात येऊन सांगितलं होतं. आता त्यानं तिच्याकडे न पाहता हात हलवला.

"आजी, बाहेर बसा. फोटो चाललेत."

तिनं गंज पदराखाली घेतलं.

मी विचारलं, पुऱ्यात जोडणी कधी?

"तुमच्याकडे ओटे नाहीत. शेगडी जमिनीवर बसत नाही. पुढच्या टप्प्यात बघू."

सरपंच म्हणाला, "अबे, तुले पाइपचं काम भेटलं ना? मंग काहून बोंबलून राहिला?"

सगळे हसले.

मी प्लंबर. अकोल्यात दुसऱ्यांचे पाइप वाहून धंदा शिकलो. घासाघीस करावी तर मीच. खोदाईची खोली, पाइपचा दर, मजुरांचं जेवण, सगळं भांडून ठरवलं. पाइप कुठं थांबणार, हे मात्र विचारलं नाही. आमचा तेल्हाऱ्याकडचा भाग खारपाणपट्टा. त्यांच्या यंत्राला गोडं पाणी लागतं, आणि गोडी विहीर गावात एकच, आमच्या पुऱ्याची. पाणी आमचं म्हणजे गॅस आमचा, हे मी धरूनच चाललो. विहीर द्यायला पुऱ्याला राजी केलं तेही मीच.

नकाशात पाइप नाल्याच्या अलीकडेच संपत होता, आणि आमचा पुरा नाल्याच्या पलीकडे. मला वाटलं, पुढचा तुकडा दुसऱ्या कागदावर असेल. पाइपच्या टोकाला बूच आवळलं. साबणाचा फेस लावून गळती पाहिली. एक बुडबुडा आला नाही.

आता मी गेलो की विहारासमोरचं बोलणं थांबतं. मोठी माय चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवते, डोळे पुसते. एकदाच बोलली.

"बाबू, ते बूच तुह्याच हातचं ना?"

दिवसभर तोंड चालवणारा मी. तिच्याशेजारी बसून पऱ्हाट्या मोडू लागलो.

परवा साहेबानं कागद पुढे केला. काम पूर्ण, सर्व घरांना जोडणी दिली, असं त्यावर लिहिलेलं. सही केली की मोर्शीचं पाइपचं काम मला.

"माही मोठी माय या सर्व घरांत येत नाई का, साहेब?"

"सही करा हो, भाऊ."

मी कागद परत सारला.

मोर्शीचं काम गेलं. पुऱ्यात अजून कोणी बोलत नाही. न बोलोत. विहिरीवरच्या मोटरच्या पेटीची चावी मी काढून घेतली आहे. ग्रामसभेत ती चावी आणि तो नकाशा घेऊन मी एकटा उभा राहीन आणि विचारीन. पाणी घेताना कोणी आमचा ओटा पाहिला नाही. गॅस देताना कोणी पाहिला? ज्यानं पाहिला, त्यानं उठावं, मोठ्या मायसमोर यावं आणि स्वतःचं नाव सांगावं.