खेकड्याचा रस्सा आणि माझा सोळा तासांचा उपास

पोट कमी करण्याचा हा मार्ग मला गोंदियातून फोनवर मिळाला. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या कार्यालयातली बरीच माणसं तिकडे गेली, त्यांत माझा एक जिवलग मित्रही गेला. तेव्हापासून तो तिथून सल्ले पाठवतो आणि मी इथे तुमसरात बसून ते भोगतो. या वेळचा सल्ला असा की दिवसातले सोळा तास काही खायचं नाही, उरलेल्या आठ तासांत हवं ते खायचं. त्यातलं ‘हवं ते’ एवढंच मी नीट ऐकलं आणि दुपारी बाराच्या आत अन्नाला शिवायचं नाही, असं घरात जाहीर करून टाकलं.

जाहीर केलं ते नेमकं बाबांसमोर. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा शाळकरी होते. देवांबरोबर घरातून उपासही गेले, आणि देवांपेक्षा उपास गेल्याचा आनंद आपल्याला जास्त झाला, असं ते स्वतःच सांगतात. “घरात दाने नसले त उपाशी, अना असले तरी उपास! मंग मानसानं खावं कवा?” हा त्यांचा जुना सवाल. हा उपास देवाचा नाही, पोटाचा आहे, असं मी समजावून सांगितलं. “पोटासाठी उपाशी?” म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी नोकरी सोडून संन्यास घेतलाय.

खरी पंचाईत वेगळीच होती. आई गेल्यापासून बाबा आणि मी सकाळी नऊला, माझ्या ऑफिसच्या आधी, शेजारी शेजारी बसून भात-वरण जेवायचो. बोलणं फार नसायचं. मी बारावर गेलो, डबा नेऊ लागलो, आणि बाबांचं ताट अर्धं राहू लागलं. बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “मामाजी दोन घास खाऊन उठतात. बीपीची गोळी उपाशीपोटी घेऊन राहिले. तुमचं पोट जाऊ द्या खड्ड्यात, त्यांच्याकडे पाहा.” मी म्हटलं, होईल सवय.

मग मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, शिंकलो की शेजारचं कुत्रं भुंकायचं. बायकोनं हळद घातलेलं दूध आणलं, तेव्हा अकरा वाजले होते. दूध चालत नाही म्हणून मी ते परत पाठवलं. खोकल्याची गोळी गोड निघाली, म्हणून ती खिशात ठेवून बारापर्यंत तिच्यावर हात ठेवून बसायचो. वाफ घेतल्यानं उपास मोडतो का, हे विचारायला मी गोंदियाला फोन लावला.

“वाफ चालते,” मित्र म्हणाला. “पन पान्यात काही टाकू नोको.”

“ओवा?”

“ओव्याचं पाहून सांगतो,” तो म्हणाला. अजून सांगायचाय.

एक फायदा मात्र झाला. नाक चोंदल्यामुळे वासच येईना. फोडणी पडो नाहीतर भात उतू जावो, मला त्याचं काही नव्हतं. उपास किती सोपा असतो, असं मी ऑफिसात शेंबूड पुसत पुसत लोकांना सांगू लागलो.

रविवारी सकाळी आंबागडकडची मासोळीवाली दारात आली आणि बायकोनं तिच्याकडून खेकडे घेतले. सर्दीवर आमच्याकडे हेच औषध. धानाच्या बांधीतले खेकडे आणायचे, त्यांचे पाय पाट्यावर वाटून रस गाळायचा आणि त्याचा तिखटजाळ रस्सा करायचा. प्यायला की नाकाडोळ्यांतून एकदम पूर येतो आणि माणूस मोकळा होतो. नऊला रस्सा तयार झाला. बायकोनं दोन ताटं वाढली आणि बाबा एका ताटावर जाऊन बसले.

“ये, बाबू,” त्यांनी हाक मारली.

“बाराला,” मी चादरीतून म्हणालो.

बाबांनी ताट पुढे सरकवलं. “मंग मी बी बाराले.”

“आणि तुमची गोळी?”

“गोळी बी बाराले.”

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते उठले आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. छप्पन सालानंतरचा त्यांचा हा पहिला उपास.

थोड्या वेळानं म्हणाले, “बाबू, यात खर्रा चालते का?”

“नाही चालत.”

“असा कसा उपास तुहा? माह्या आजीले त तमाखू चालत होती.”

मला हसू आलं, हसता हसता शिंक आली, आणि त्या शिंकेनं काय झालं कुणास ठाऊक, एक नाकपुडी उघडली. खेकड्याच्या रश्श्याचा वास थेट मेंदूत गेला. मी चादर फेकून ताटावर जाऊन बसलो.

“चला बाबा, मोडला उपास. या जेवायला.”

“नाई,” बाबा म्हणाले. “धरला त धरला. बारा वाजू दे.”

मी हात जोडले. गोंदियावाल्याला शिव्या घातल्या. बाबा ढिम्म. शेवटी सांगितलं ते घड्याळाकडे बघतच सांगितलं, “तुही माय गेली तवापासून मी कवा एकटा जेवलो नवतो. एकट्यानं घास उतरत नाई. त मी काय करू?”

मला लाज वाटली, आणि नाक पुन्हा वाहू लागलं, आता ते सर्दीनं की कशानं, मी बघितलं नाही.

बायको स्वयंपाकघरातून आली. स्टूल ओढलं, भिंतीवरचं घड्याळ काढलं, मागची किल्ली फिरवून काटे बारावर आणले आणि घड्याळ परत टांगलं.

“झाले बारा. बसा दोघंही. थंडं होऊन राहिलं.”

बाबांनी चष्मा पुसून घड्याळ नीट पाहिलं. “हो,” म्हणाले, “वाजले खरे.” आणि उठून माझ्या शेजारी बसले. रश्श्यानं दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी भात दोनदा मागून घेतला.

ते घड्याळ बायकोनं पुन्हा मागे केलंच नाही. माझा उपास अजून चालू आहे, त्याच घड्याळावर. मित्र गोंदियाहून विचारतो, पोट किती कमी झालं? पोट आहे तिथेच आहे. रोज सकाळी बाबा आधी घड्याळ बघतात, मग मला हाक मारतात, “बाबू, बारा वाजले,” आणि आम्ही जेवायला बसतो.