भरपगारी रजा

चाकणच्या शाळेत मी शिकवीत असे, तेव्हा नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलात सकाळी एक ट्रकचालक भेटे. नाव मी कधी विचारले नाही. बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत तो धुक्यात उभ्या असलेल्या आपल्या ट्रककडे पाहत बसे.

एकदा तो म्हणाला, "गुरुजी, पिंपरीच्या एका माल वाहतूक कंपनीतनं बोलावणं आलंया. तिथं युनियन हाय. जाऊ का नगं?"

अशा वेळी केवळ पगार पाहू नये, हे मी त्याला समजावून सांगितले. ज्याचा ट्रक तो चालवी त्या शेठकडे भत्ता धरून हाती अधिक येई, पण आजारपणात काहीच नसे. कंपनीत पगार थोडा कमी. मात्र युनियनने दवाखाना आणि भरपगारी रजा मिळवली होती.

"म्हंजे घरी निजलो तरी पगार?"

"होय."

तो हसला. "धाकटी मला बघून रडती, गुरुजी. पाव्हणा समजती." मग ट्रककडे पाहत हळूच म्हणाला, "पर तिथं गाडी पाळीनं मिळती. आज ही, उद्या ती. आपली अशी एक न्हाई."

त्या दिवशी बशीतला चहा तसाच राहिला.

पुढे उन्हाळ्यात तो मला बाजारात दिसला. खांद्यावर बसलेल्या मुलीने त्याचे केस घट्ट धरले होते. "रजेवर हाय," तो म्हणाला. एवढ्यात त्याचा जुना ट्रक घेऊन दुसराच कोणी समोरून गेला. ट्रक वळणावर येताच ब्रेक दाबावा तसा याचा उजवा पाय नकळत जमिनीवर दाबला गेला. मुलीने केस ओढले, तेव्हा कुठे तो पुढे चालू लागला.