क्लचमास्तर आणि बिनक्लचची गाडी

सकाळची शिकवणी आटपून क्लचमास्तर घरी आले आणि फाटकातच खिळले. लेकीनं नुकतीच घेतलेली ती छोटी, उंच बांध्याची विजेची गाडी मुकाट्यानं मागे मागे सरकत आली आणि दोन कुंड्यांमधल्या जागेत अलगद बसली. स्टिअरिंगमागून उतरली ती लेक नव्हे. बायको.

मास्तरांच्या हातातल्या किल्ल्या गळून पडल्या.

अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला हा माणूस. "ब्रेक काय कुणीही दाबतं, ड्रायव्हर ओळखावा तो क्लचवरून," असं ते प्रत्येक शिकाऊला ऐकवत, त्यावरूनच हे नाव पडलं होतं. बायकोला मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच शिकवायला घेतलं. लग्न नवं होतं, जागा पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ. तिचा क्लच सुटला, गाडी बंद पडून मागे घसरली आणि मास्तर खेकसले, "उतर खाली! तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही." ती उतरली आणि चालत घरी गेली. पुन्हा तिनं विषय काढला नाही. तिला हौसच नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. नवऱ्यांना अशा सोयीच्या समजुती फार लवकर सुचतात.

"अगं, तू... हे कधी?"

"तुम्ही शिकवणीला गेलात की आम्ही निघायचो. लेकीनं शिकवलं. लायसन्सही मिळालं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "शनिवारी ताईकडे जाईन म्हणते. एकटी."

"एकटी? घाटातून?"

"दर वेळी तुमच्या सुट्टीची वाट बघून कंटाळले हो मी. तुम्ही एकदा शेजारी बसा. जाऊ नको म्हणालात तर नाही जाणार. पण आधी बसा."

मास्तर बसले ते नापास करायचं ठरवूनच. ना क्लच, ना गिअर. हे असलं खेळणं घाट काय चढणार!

चौकात एक सायकलवाला अचानक आडवा आला. मास्तरांचा पाय सवयीनं खाली दाबला गेला आणि गाडी झटकन मंदावली. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असे.

"बघितलंस? मी होतो म्हणून निभावलं."

"तुमच्या पायाखाली काही नाहीये हो. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. तो उचलला की ही आपणहून वेग कमी करते, आणि तेवढीच वीज बॅटरीत परत जाते."

मास्तरांनी वाकून पाहिलं. खाली नुसतं पायपुसणं होतं, त्यावर त्यांच्या बुटाचा ठसा. 

पुढे ट्रक रेंगाळत होता. समोरचा रस्ता मोकळा बघून बायकोनं पाय दाबला आणि मास्तरांची पाठ सीटला चिकटली.  ट्रक कधीच मागे पडला होता.

"अगं, जरा इंजिनाला दम खाऊ दे!"

"इंजिन कुठंय?" ती हसली. खड्ड्यांचा रस्ता लागला, पण उंच गाडीचं पोट कुठे घासलं नाही. ताईकडे जाऊन परत यायला एकदाचं चार्जिंग पुरतं, हेही तिनं सांगून टाकलं.  बायको कुणा परक्यासारखी दिसत होती आणि त्याची मास्तरांना भीती वाटत होती.

मग तिनं गाडी टाकीच्या चढाला घातली.

ऐन मध्यावर, कडेला घेऊन ती थांबली आणि दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली.  मास्तरांचा हात हँडब्रेकच्या दांड्याकडे गेला. तिथे दांडा नव्हताच, नुसतं एक बटण. गाडीनं मात्र आपणच ब्रेक धरून ठेवला होता, ती तसूभर मागे सरकली नाही.

"आता तुम्ही चालवा," ती म्हणाली.

ते नको म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण मास्तरच ते! जागा बदलून ऐटीत निघाले. पुढे चाललेली एक व्हॅन जरा मंदावली आणि मास्तरांचा डावा पाय, आयुष्यभराच्या इमानानं, क्लच दाबायला गेला. तिथे होतं ते ब्रेकचं रुंद पेडल. गाडी खाडकन थांबली, पट्टा छातीत रुतला, मागून हॉर्नचा गलका उठला. सावरून पुन्हा निघाले. पुन्हा तोच पाय, पुन्हा तोच दणका. मागच्या मोटारीतून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, येत नसेल तर उतरा ना खाली!"

मास्तरांचे कान तापले. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. त्यांनी खरंच दार उघडलं, एक पाय रस्त्यावर टेकवला. आपल्याला पुढचं वाक्य माहीत आहे, ते आपलंच आहे, हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि ते तिच्या तोंडून ऐकायची वाट बघत राहिले.

बायकोनं त्यांची बाही धरली.

"बसा हो आत. इथून घर चालत फार लांब पडतं. मी गेलेय ना."

 जागा बदलून मास्तर शेजारी बसले, पाय आखडून जवळ घेतले.

"शनिवारी उजेडात नीघ," पट्टा ओढून लावत ते म्हणाले.